घरच्या सर्व्हरवर बाहेरून लॉगिन होत नाही? पोर्ट बदलण्याआधी पॅकेट कुठे अडतंय ते शोधा

माझा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, हाच माझा घरचा सर्व्हर) सांगलीला आईबाबांच्या घरी, टीव्हीच्या कपाटात राउटरशेजारी ठेवलेला आहे. मी राहतो पुण्यात. त्या पायवर घरातले पंचवीस वर्षांचे फोटो आहेत, बाबांनी एकेक करून स्कॅन केलेले सातबारे आणि फेरफार आहेत, आणि माझं थोडं कामाचं सामान. पुण्याहून एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) तिथे पोचायचं, एवढीच गरज. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला होता, म्हणजे बाहेरून ठरावीक पोर्टवर (सेवेच्या क्रमांकित दारावर) येईल ते पायकडे पाठवायला सांगितलं होतं, आणि वर्षभर ते बिनबोभाट चाललं. मग एका सकाळी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं आणि पुढचे कित्येक महिने हा त्रास येत-जात राहिला. एकदा दुरुस्त केलं की आठ-दहा दिवस बरं चालायचं आणि परत बंद पडायचं.

शेवटी कळलं की दुखणं एक नव्हतंच, चार वेगवेगळी होती. चारही बाहेरून सारखीच दिसत होती, म्हणून मी दर वेळी मागच्या दुखण्याचं औषध पुढच्याला देत बसलो. तुमच्याकडे असंच होत असेल तर खालचं वाचून बराच वेळ वाचेल. (आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत, जोडरेघ घालून लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजीत आणि मधे जागा न सोडता लिहायची.)

आधी त्रुटीचा शब्द नीट वाचा

‘लॉगिन होत नाही’ म्हणजे काय दिसतं, हे फार महत्त्वाचं आहे. ‘रिफ्यूज्ड’ आलं तर आनंद माना. तुमचं पॅकेट (जाळ्यावरून जाणारा माहितीचा तुकडा) कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचलंय आणि त्या यंत्राने ‘इथे कुणी नाही’ असं उत्तर दिलंय. म्हणजे एसएसएचची सेवा बंद आहे, दुसऱ्याच पोर्टवर ऐकतेय, किंवा एखादी फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी गाळणी) नकार कळवतेय. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे कुणी उत्तरच दिलं नाही. वाटेत कुणीतरी पॅकेट गुपचूप टाकून दिलं, किंवा पत्ताच चुकीचा आहे.

तिसरा प्रकार फसवा असतो. जोडणी होते आणि लगेच ‘रीसेट’ होऊन तुटते. तेव्हा पोर्ट उघडा असतो, पण मधलं एखादं यंत्र आत काय चाललंय ते वाचून तोडत असतं, किंवा सर्व्हरच तुम्हाला झटकत असतो. चौथा प्रकार म्हणजे जोडणी होते आणि सांकेतिक किल्ल्यांच्या देवाणघेवाणीपाशी सगळं गोठतं. त्याचं कारण बहुतेक वेळा पोर्टशी संबंधितच नसतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

एसएसएच चालवताना तीन वेळा ‘व्ही’ देऊन तपशीलवार नोंदी बघा. नक्की कुठल्या ओळीवर थांबतं, ते लिहून ठेवा.

खरी कसोटी: टीसीपीडम्प

फायरवॉलला हात लावण्याआधी ही एक कसोटी कराच. मी दिवाळीत घरी गेलो तेव्हा केली, आणि तोवरचा सगळा अंदाजपंचे कारभार तिथे संपला.

लॅपटॉप घरच्या वायफायवर ठेवून पायवर लॉगिन केलं. घरातून लॉगिन होतंय, म्हणजे सेवा ठणठणीत आहे. मग पायवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा कार्यक्रम) चालवून, लॅपटॉपची स्वतःची पॅकेट वगळून, फक्त एसएसएचच्या पोर्टवर येणारी पॅकेट बघत बसलो. हातातल्या मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून टर्मक्स या (आज्ञा टाइप करायच्या) ॲपमधून घराच्या बाहेरच्या पत्त्यावर जोडणी करून पाहिली. पायच्या पडद्यावर पॅकेट दिसलं असतं, तर वाट मोकळी आणि दोष सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये. दिसलं नाही, तर सर्व्हरमध्ये काहीही बदलून उपयोग नाही, अडथळा त्याच्या अलीकडे आहे. माझ्याकडे एकही पॅकेट दिसलं नाही. त्याआधी मी तीन आठवडे सर्व्हरची फायरवॉल बदलत बसलो होतो.

बाहेरून म्हणजे खरोखर बाहेरून तपासा, मोबाइल डेटावरून. घरच्याच वायफायवर बसून घराच्या सार्वजनिक पत्त्यावर धडक दिली तर बरेच राउटर ती जोडणी आत वळवतच नाहीत, आणि सगळं नीट असूनही तुम्हाला ‘टाइम्ड आउट’ दिसतं.

पहिलं दुखणं: सार्वजनिक पत्ताच उरला नव्हता

पॅकेट पायपर्यंत येत नाही म्हटल्यावर राउटरचं पान उघडलं. दूर असाल तर घरच्यांना हे सांगता येतं. नंतर एकदा बाबांना फोनवर सांगून हेच करून घेतलं. ‘बाबा, मोबाइलवर १९२.१६८.१.१ उघडा, आत गेल्यावर वॅन लिहिलेलं पान येईल, त्याचा फोटो काढून पाठवा.’ फोटोत वॅनच्या, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूच्या, पत्त्याची सुरुवात १०० ने होती, आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या संकेतस्थळावर घरातूनच पाहिलं तर भलताच पत्ता. हे दोन पत्ते जुळत नसतील तर तुमच्या राउटरच्या वर आणखी एक पत्ता बदलणारं यंत्र बसलेलं आहे.

१००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले: इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवायचं. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात (नॅट म्हणजे वाटेत पत्ता बदलणं). कारण सरळ आहे. इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे पत्ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आले. नंतर ग्राहक वाढवायचे तर पत्ते वाटून घेणं भागच होतं. आमच्या इंटरनेटवाल्यानेही कधीतरी न सांगता आमचं कनेक्शन या मांडणीत टाकलं. त्याचं कुठलंही पत्र आलं नाही, बिलावरही काही नव्हतं.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. कॅरियर ग्रेड नॅटमध्ये पोर्ट ‘ब्लॉक’ झालेला नसतो. बाहेरून आलेलं पॅकेट कंपनीच्या यंत्रापाशी येतं, आणि ते कुठल्या घरी द्यायचं हे त्या यंत्राला माहीतच नसतं. तुमच्या राउटरवरचा पोर्ट फॉरवर्ड कितीही अचूक असला तरी त्याच्यापर्यंत काही येतच नाही. पोर्ट २२ चा २२२२ करा, ५०००० करा, काहीही फरक पडत नाही.

वॅनच्या पत्त्याची सुरुवात १९२.१६८ ने असेल तर आधी घरातच बघा. फायबरचा डबा स्वतः राउटरचं काम करतोय आणि त्याच्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावलाय, असं असू शकतं. डबा ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम न करता नुसतं पुढे पाठवणारा) टाकून घेतला की काम होतं. आणि सार्वजनिक पत्ता दोन्हीकडे जुळत असेल, तरच पोर्ट बदलून पाहण्यात अर्थ आहे.

पोर्ट बदलायचाच असेल तर

एसएसएचचा ठरलेला २२ हा क्रमांक १९९५ चा आहे. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तिथल्या तातू युलोनेनने एसएसएच लिहिलं. एफटीपी (फाइली पाठवायची सेवा) २१ वर आणि टेलनेट (लॉगिनची जुनी सेवा) २३ वर, त्यांच्या मधला २२ मोकळा होता, म्हणून त्याने तो मागून घेतला. आज सगळ्या जगातले बॉट (आपोआप चालणारे घुसखोर कार्यक्रम) रात्रंदिवस २२ वर दार ठोठावत असतात, आणि काही कंपन्या घरगुती कनेक्शनवर २५, ८०, ४४५ यांच्या बरोबर २२ वर येणारी वाहतूकही अडवतात. अशा वेळी एखादा मोठा क्रमांक घेतला की काम होतं.

पण बदल खरंच लागू झाला का ते तपासा. उबुंटू या लिनक्सच्या २२.१० पासूनच्या आवृत्त्यांत एसएसएच सिस्टिमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा कार्यक्रम) सॉकेटवरून, म्हणजे पोर्टवर कुणी आल्यावर, सुरू होतं. नुसती सेवा रीस्टार्ट केली तर जुना पोर्ट तसाच राहू शकतो. डेमन-रीलोड करून एसएसएच-डॉट-सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं. फेडोरासारख्या ठिकाणी एसईलिनक्सला (त्यातल्या सुरक्षा व्यवस्थेला) नवा पोर्ट वेगळा सांगावा लागतो, नाहीतर सेवा उठतच नाही. ‘एसएस’ ही आज्ञा कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय ते दाखवते. फाइलमध्ये काय लिहिलंय यावर विश्वास ठेवू नका, ती आज्ञा काय दाखवते ते बघा.

सर्व्हरलाच बाहेर येऊ द्या

कॅरियर ग्रेड नॅटवर तीन मार्ग आहेत. पहिला, कंपनीकडे जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेणं. मिळत असेल तर जरूर घ्या, पण आमच्याकडे मिळाला नाही. दुसरा आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, खूप मोठी पद्धत. घराला खरा आयपीव्ही६ मिळत असेल तर नॅटचा प्रश्नच नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका यंत्रासाठी एक पोर्ट उघडला की झालं. अडचण एवढीच की तुम्ही जिथून लॉगिन करताय तिथेही आयपीव्ही६ हवा. मोबाइल डेटावर तो बऱ्याचदा असतो, ऑफिसात बऱ्याचदा नसतो. शिवाय घराचा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलत राहिला तर डीएनएसमधली (नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेतली) नोंद आपोआप बदलण्याची सोय करावी लागते.

तिसरा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. बाहेरून आत येता येत नसेल, तर सर्व्हरने आतून बाहेर यायचं. बाहेर जाणारी जोडणी कंपनी सहसा अडवत नाही. महिन्याला थोडक्या पैशांत मिळणारा एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा दूरस्थ सर्व्हर) घ्यायचा, ज्याला सार्वजनिक पत्ता आहे. पायने त्या व्हीपीएसला एसएसएचने जोडून ठेवायचं आणि कॅपिटल आर पर्यायाने सांगायचं की तुझ्या २२२२ वर जे येईल ते माझ्या २२ वर पाठव. मी पुण्याहून व्हीपीएसमार्गे उडी मारून, म्हणजे कॅपिटल जे पर्यायाने, त्याच्या लोकलहोस्टवरच्या (त्या यंत्राच्या आतूनच दिसणाऱ्या) २२२२ ला जोडतो. ही उडीची सोय ओपनएसएसएचमध्ये (एसएसएचचा सर्रास वापरला जाणारा कार्यक्रम) २०१६ पासून आहे. पायने व्हीपीएसपर्यंत उघडी ठेवलेली ही उलटी वाट, तिलाच पुढे बोगदा म्हणतो.

व्हीपीएसवर गेटवे-पोर्ट्स हे सेटिंग मुळात ‘नो’ असतं. ते तसंच राहू द्या. अनेक जण ‘बाहेरून थेट २२२२ चालत नाही’ म्हणून ते ‘येस’ करतात आणि घरचं दार पुन्हा सगळ्या जगासमोर उघडतात. उडी मारून आलात तर २२२२ फक्त व्हीपीएसच्या आतच दिसतो. पायसाठी व्हीपीएसवर वेगळा वापरकर्ता करा, त्याला शेल (आज्ञा चालवायची सोय) देऊ नका, आणि ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये त्याच्या किल्लीपुढे ‘रिस्ट्रिक्ट’ लिहून फक्त त्या एका पोर्टची परवानगी द्या. उद्या कपाटातून कुणी पाय उचलून नेला तरी त्यातल्या किल्लीने व्हीपीएसवर काही करता येणार नाही.

दुसरं दुखणं: बोगदा चालू दिसतो, पण नसतो

हे सगळं केलं, महिनाभर आनंदात गेला, आणि परत तेच. या खेपेला ‘रिफ्यूज्ड’. बाबांना विचारलं, ‘डब्यावरचा लाल दिवा लागलाय का?’ नाही, नेट चालू आहे, आई मोबाइलवर मालिका बघतेय. पायवर बोगद्याची सेवा ‘ॲक्टिव्ह, रनिंग’. व्हीपीएसही व्यवस्थित. तरी लॉगिन नाही.

हे मी सविस्तर सांगतो, कारण उलट्या बोगद्याचं बहुतेक ‘अधूनमधून बंद पडतं’ हे इथेच असतं. सांगलीला वीज गेली की राउटर आणि पाय दोन्ही एकदम मरतात. मरताना व्हीपीएसला निरोप देत नाहीत. व्हीपीएसच्या दृष्टीने ती जुनी जोडणी अजून जिवंत आहे आणि २२२२ तिच्याच ताब्यात. वीज येते, पाय उठतो, नव्याने जोडतो, किल्ली पटते, पण २२२२ मागितल्यावर व्हीपीएस म्हणतो, तो दिलेला आहे. एसएसएच याबद्दल फक्त एक इशारा छापतं आणि जोडणी तशीच चालू ठेवतं. म्हणून पायवर सगळं चालू दिसतं आणि बोगदा मात्र नसतो.

लिनक्सच्या टीसीपीची (एसएसएच ज्यावर चालतं त्या जोडणीच्या पद्धतीची) मूळची जिवंतपणाची तपासणी पहिल्यांदा होते ती ७२०० सेकंदांनी. मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा. म्हणजे मेलेली जोडणी मेली हे कळायला दोन तास अकरा मिनिटं लागू शकतात. ते कळल्यावर मात्र पोर्ट सुटतो, आणि पायवरची पोकळ जोडणी जर कशानेतरी नव्याने झाली तर सगळं आपोआप सुरू होतं. म्हणून मला वाटायचं की हे ‘कधीकधी आपोआप बरं होतं’.

उपाय दोन्ही टोकांना करायचा. पायवर एक्झिट-ऑन-फॉरवर्ड-फेल्युअर ‘येस’, म्हणजे पोर्ट मिळाला नाही तर सरळ बाहेर पड आणि पुन्हा प्रयत्न कर. तिथेच सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३० आणि काउंट-मॅक्स ३. व्हीपीएसच्या एसएसएचडी-कॉन्फिगमध्ये (एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत) क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल ३० आणि त्याचाही काउंट-मॅक्स ३. आता मेलेली जोडणी दीड मिनिटात सोडली जाते. दर तीस सेकंदांच्या या हालचालीचा आणखी एक फायदा होतो. कंपनीचं नॅट शांत पडलेली जोडणी विसरून जातं, ते आता विसरत नाही. बहुतेक जण यातलं फक्त पायवरचं करतात आणि व्हीपीएसचं टोक राहून जातं. माझंही तेच राहिलं होतं.

तिसरं दुखणं: वीज आल्यावर सेवा हार मानते

उन्हाळ्यात वीज जास्त जायला लागली आणि दर वेळी बोगदा मेलेला. आता पायवरची सेवा ‘फेल्ड’ दाखवत होती. नोंदी वाचल्यावर कळलं. वीज आल्यावर पाय मिनिटाच्या आत उठतो. फायबरचा डबा आणि राउटर यांना नेट मिळायला चार-पाच मिनिटं लागतात. पाय व्हीपीएसचं नाव शोधायला जातो, मिळत नाही, एसएसएच क्षणात बाहेर पडतं. सिस्टिमडी त्याला शंभर मिलीसेकंदांनी पुन्हा उठवतं. दहा सेकंदांत पाच वेळा असं झालं की सिस्टिमडीचा मूळ नियम लागतो आणि ते त्या सेवेचा नाद सोडून देतं. राउटर उठेपर्यंत कुणी प्रयत्नच करत नसतं.

सेवेच्या फाइलमध्ये रीस्टार्ट ‘ऑलवेज’ करा, रीस्टार्ट-सेक ३० करा, आणि युनिटच्या भागात स्टार्ट-लिमिट-इंटरव्हल-सेक ० लिहा, म्हणजे ते कधीच थांबणार नाही. ‘नेटवर्क-ऑनलाइन झाल्यावर सुरू हो’ एवढं पुरत नाही. पायला राउटरकडून पत्ता मिळाला की ती अट पूर्ण होते, पलीकडे इंटरनेट आलंय की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. ऑटोएसएसएच (तुटलेला बोगदा पुन्हा जोडणारा कार्यक्रम) वापरत असाल तर त्याच्यातही याचा जुळा भाऊ आहे: पहिली जोडणी तीस सेकंदांच्या आत तुटली तर ते कायमचं बंद होतं. गेट-टाइम हे चलमूल्य ० ठेवलं की ही अट जाते.

याच ठिकाणी वायरगार्डवाल्यांसाठी (बोगदा काढायचं दुसरं साधन) एक सांगतो. जुन्या रास्पबेरी पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आल्यावर वेळ मागे पडलेली असते, आणि वायरगार्ड आधीपेक्षा जुन्या वेळेची हाक स्वीकारत नाही. घड्याळ जुळेपर्यंत बोगदा मुका राहतो. वेळ नेटवरूनच येणार असल्यामुळे थोडं थांबा, ते सावरतं.

वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत आलं आणि ते उत्तम आहे. पूर्ण घराचं जाळं जोडायचं असेल तर तेच घ्या, पायच्या टोकाला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ ठेवून. पण ते यूडीपीवर (टीसीपीपेक्षा वेगळी पॅकेट पाठवायची पद्धत) चालतं आणि अनेक ऑफिसांत यूडीपी बंद असतं. ज्यांना व्हीपीएस सांभाळायचा नाही त्यांनी टेलस्केल (वायरगार्डवर बेतलेली तयार सेवा) घ्यावं. थेट वाट मिळाली नाही तर ते ४४३ वरच्या (सुरक्षित संकेतस्थळांच्या पोर्टवरच्या) मधल्या सर्व्हरमार्गे जातं. मात्र त्याचे पत्तेही १००.६४ च्याच गटातले असतात, ते बघून कॅरियर ग्रेड नॅटचा निष्कर्ष काढू नका. मी आज दोन्ही ठेवले आहेत, एसएसएचचा बोगदा आणि टेलस्केल. एक दुरुस्त करताना दुसऱ्यातून आत असतो.

चौथं दुखणं: तुम्ही जिथे बसलाय तिथलाच पोर्ट बंद

घरून सगळं चालतं, ऑफिसातून नाही. हा अडथळा सर्व्हरच्या बाजूला नाहीच. बाहेर जाणारा २२ अनेक ऑफिसं, कॉलेजं, हॉटेलं बंद ठेवतात. एक सोपी चाचणी आहे. गिटहब (प्रोग्रामरांचं कोड ठेवायचं संकेतस्थळ) आपलं एसएसएच ४४३ वरही देतं, एसएसएच-डॉट-गिटहब-डॉट-कॉम या नावाने. त्याला ४४३ वर जोडून बघा. जमलं, तर तिथे फक्त क्रमांक बघून अडवतात. मग व्हीपीएसच्या एसएसएचडी-कॉन्फिगमध्ये पोर्टची दुसरी ओळ लिहून ४४३ जोडा. २२ ची ओळ काढू नका, आणि व्हीपीएस देणाऱ्याच्या पानावरची वेगळी फायरवॉलही उघडा, ती विसरली जाते. त्याच यंत्रावर संकेतस्थळ असेल तर एसएसएलएच हा छोटा कार्यक्रम एकाच ४४३ वर दोघांना वेगळं करून देतो.

गिटहबची जोडणीही होऊन लगेच तुटली, तर तिथलं यंत्र मजकूर तपासतंय. एसएसएचची अगदी पहिली ओळ, आवृत्ती सांगणारी, उघड्या अक्षरांत जाते. पोर्ट कुठलाही असो, ती वाचून ओळखणं सोपं आहे. स्टनेलसारख्या साधनाने टीएलएसच्या (सुरक्षित संकेतस्थळं वापरतात त्या कूटबद्ध) आवरणात घालून तीही लपवता येते. पण माझं मत स्पष्ट आहे. ऑफिसचं जाळं ऑफिसचं आहे. मजकूर तपासून अडवण्याइतकं कुणी केलं असेल तर ते विचार करून केलंय, आणि तिथे लपून जाण्यात तुमची नोकरी जाऊ शकते. मी आमच्या नेटवर्क पाहणाऱ्या मॅडमना विचारलं. त्यांनी ऑफिसच्या जाळ्यातून नको, पण स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून स्वतःच्या यंत्राने कर म्हणून सांगितलं. तेव्हापासून तसंच करतो.

पोर्टचे वाटणारे, पण नसलेले दोष

किल्ल्यांच्या देवाणघेवाणीपाशी गोठणं. नोंदीत ‘एक्स्पेक्टिंग’ म्हणून एक ओळ येते आणि पुढे काहीच नाही. छोटी पॅकेट जातात, मोठी वाटेत हरवतात. पीपीपीओई (इंटरनेट कंपनीकडे नाव-पासवर्ड देऊन होणाऱ्या) जोडणीत पॅकेटची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२ असते, वायरगार्डमध्ये साधारण १४२०. तुकडे न करण्याच्या अटीवर पिंग करून बघा: १४७२ जात नाही आणि १४६४ जातं, तर हेच आहे. त्या इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटची हीच कमाल लांबी) १४०० करून पाहा.

दहा मिनिटांनी बरं होणारं ‘रिफ्यूज्ड’. फेल-टू-बॅन, म्हणजे चुकीची लॉगिन मोजून हाकलणारा कार्यक्रम! दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की ते दहा मिनिटं हाकलतं, आणि हाकलताना नकार कळवतं, म्हणून सेवा बंद असल्यासारखं वाटतं. एजंटमध्ये (तुमच्या किल्ल्या हाताशी ठेवणाऱ्या कार्यक्रमात) पाच-सहा किल्ल्या भरलेल्या असतील तर एका प्रयत्नातही बऱ्याच चुका मोजल्या जाऊ शकतात. त्या सर्व्हरसाठी आयडेंटिटीज-ओन्ली ‘येस’ लिहून एकच किल्ली पुढे करा.

पासवर्डने लॉगिन बंद केलंत असं तुम्हाला वाटतंय, तेही तपासा. एसएसएचडी पहिली सापडलेली नोंद मानतं, आणि उबुंटूवर वेगळ्या फोल्डरमधल्या छोट्या फाइली आधी वाचल्या जातात. तिथे क्लाउड-इनिटने (नवा सर्व्हर उभा करताना चालणाऱ्या कार्यक्रमाने) लिहिलेलं ‘येस’ असेल तर तुमचं खाली लिहिलेलं ‘नो’ वाया जातं. एसएसएचडी कॅपिटल टी पर्यायाने चालवलं की प्रत्यक्ष लागू असलेलं सगळं छापून येतं.

आणि दूर बसून फायरवॉल किंवा एसएसएचडी बदलताना चालू असलेलं सत्र बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन होतंय हे बघितल्यावरच पहिलं सोडा. फायरवॉल बदलत असाल तर आधी पाच मिनिटांनी जुने नियम परत आणणारी आज्ञा लावून ठेवा. सगळं ठीक झालं तर ती रद्द करा.

वीज घालवून बघणं

एवढं सगळं झाल्यावर मी एका रविवारी तीन चाचण्या केल्या, बाबांना फोनवर घेऊन. आधी फक्त राउटर बंद करून दहा मिनिटांनी चालू. मग फक्त पायचा प्लग. शेवटी, ‘बाबा, आता हॉलचा स्विच खाली करा, मी सांगेपर्यंत वर करू नका.’ बोगदा मेला. व्हीपीएसवर बघत होतो, दीड मिनिटाच्या आसपास २२२२ मोकळा झाला. तोवर बाबांनी पंख्याशिवाय बसून घेतलं. स्विच वर केला. पाय उठला असणार, पण डब्याचा दिवा अजून लाल, बाबा सांगत होते. मग हिरवा. नोंदीत तीस-तीस सेकंदांनी प्रयत्न फसत होते आणि थांबत नव्हते, हे मी नंतर वाचलं. सहाव्या मिनिटाला माझ्या पुण्यातल्या पडद्यावर पायचा प्रॉम्प्ट आला आणि पलीकडून बाबांनी विचारलं, ‘आला का रे?’

आला.